‘खराब’ म्हणजे नेमकं काय? इंग्रजीत तक्रार लिहायला शिकणाऱ्यांसाठी

आमच्या खरेदी विभागात काही वर्षांपूर्वी एक मुलगा नव्यानं लागला. मराठी माध्यमातून शिकलेला, डिप्लोमा झालेला, हाताला आणि नजरेला पक्का. एका फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला भाग, त्यानं उचललं, उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, मशिनिंग केल्यावर आत ब्लोहोल निघालेत. कडेची बर पण काढलेली नाही. हे पीस घ्यायचे नाहीत.” मशिनिंग म्हणजे यंत्रावर कापून आकार देणं, ब्लोहोल म्हणजे ओतकामात हवा अडकून राहिलेलं भोक आणि बर म्हणजे कडेला राहिलेली धारदार किनार. दोन वाक्यांत सगळं आलं होतं. मी म्हटलं, हेच इंग्रजीत लिहून पाठव. अर्ध्या तासानं मेल गेला : ‘मटेरियल इज व्हेरी बॅड क्वालिटी.’ दुसऱ्या दिवशी तिकडून उत्तर आलं, नेमकी अडचण काय ते कळवा. दोन दिवस गेले.

त्या मुलाचं इंग्रजी कच्चं होतं हे खरं, पण मेल फसला तो वेगळ्याच कारणानं. बोलताना त्याच्याकडे ब्लोहोल होतं, बर होती. लिहायला बसल्यावर त्यानं ते दोन्ही सोडून दिलं, मनात ‘माल खराब आहे’ असं वाक्य केलं आणि त्या वाक्याचं भाषांतर केलं. ‘खराब’चं भाषांतर ‘बॅड’च होणार. तेव्हापासून मी नव्या मुलांना एकच गोष्ट सांगत आलोय : इंग्रजी शब्द शोधण्याआधी नेमका मराठी शब्द शोधा. तो सापडला की इंग्रजी शब्द फार लांब नसतो.

पायरी पहिली : ‘खराब’ खोडा

कागद घ्या. ‘मिक्सर खराब आहे’, ‘तांदूळ खराब आहेत’, ‘साडी खराब निघाली’ असं जे काही मनात असेल ते लिहा आणि ‘खराब’ या शब्दावर काट मारा. मग घरात आईला किंवा दुकानदाराला जसं सांगाल तसं सांगा. मिक्सरची मोटर फिरते, पण पातं फिरत नाही. तांदळाला पोरकिडे लागलेत. साडीचा रंग जातो. आता तुमच्या हातात काहीतरी आलं.

आपल्याकडे या बाबतीत शब्दांची ददात नाही. तेल खवट होतं, दूध नासतं, भाजी विटते, कांदा कुजतो, पापड सादळतो, कापड विरतं, शिवण उसवते, खुर्ची डुगडुगते, कपाट खिळखिळं होतं, कपाचा टवका उडतो, भिंतीला तडा जातो. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. इंग्रजीतही अगदी तसंच आहे. तिथे तेलाचा शब्द वेगळा, खुर्चीचा वेगळा.

पायरी दुसरी : दोष कधी आला ते ठरवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण इथे पैशाचा प्रश्न असतो. वस्तूत बिघाड तीन वाटांनी येतो आणि इंग्रजीत तिन्हींना निराळे शब्द आहेत.

वस्तू बनतानाच दोष राहून गेला असेल तर ती ‘डिफेक्टिव्ह’. वस्तू नीट बनली होती, पण वाटेत आपटली, भिजली, चेपली, तर ती ‘डॅमेज्ड’. वापरून वापरून झिजली, तर ‘वर्न आउट’. वॉरंटी साधारणपणे पहिल्या प्रकाराची असते. दुसऱ्या प्रकारात माल पोचवणारा जबाबदार असू शकतो, किंवा तुम्ही स्वतः. तिसऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. वॉरंटीच्या कागदावर त्याला ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’ म्हणतात आणि तो सरळ वगळलेला असतो.

माझ्या मावसबहिणीच्या फोनवर सात महिन्यांनी एके सकाळी उभी हिरवी रेघ उमटली. फोन पडला नव्हता, भिजला नव्हता, काचेवर साधा चराही नव्हता. तिनं ऑनलाइन फॉर्ममध्ये लिहिलं, ‘स्क्रीन इज डॅमेज्ड.’ उत्तर आलं की फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही, स्क्रीनचे पैसे भरावे लागतील. तिनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. आपण मराठीत ‘स्क्रीन डॅमेज झाली’ म्हणतोच. पण त्या एका शब्दानं तिनं न केलेली चूक स्वतःवर घेतली. नंतर आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिलं : ‘अ ग्रीन लाइन हॅज अपीअर्ड ऑन द स्क्रीन. द ग्लास इज नॉट क्रॅक्ड. द फोन वॉज नॉट ड्रॉप्ड.’ यात ‘डिफेक्टिव्ह’ हा शब्दसुद्धा नाही, पण वाचणाऱ्याला दुसरा निष्कर्ष काढायला जागा उरली नाही. स्क्रीन बदलून मिळाली.

कधी कधी दोष पहिल्यापासून असतो, पण दिसत नाही. हापूस घेणाऱ्याला हे सांगायला नको. फळ बाहेरून सोन्यासारखं, वास सुरेख, देठाजवळ डाग नाही. कापलं की कोयीलगत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा भाग. कोकणात त्याला ‘साका’ म्हणतात, शास्त्रज्ञ ‘स्पंजी टिश्यू’ म्हणतात. अशा आत दडलेल्या दोषासाठी व्यापारात आणि कायद्यात ‘लेटंट डिफेक्ट’ असा शब्द आहे. उघड दिसणारा तो ‘पेटंट डिफेक्ट’. शोधाच्या पेटंटचा इथे संबंध नाही. माल ताब्यात घेताना सही केली असली तरी ‘लेटंट’ म्हटल्यावर तुम्हाला सांगता येतं की तेव्हा हे दिसणं शक्यच नव्हतं. आमच्या कास्टिंगमधले ब्लोहोलही याच जातीचे. मशिनवर चढवल्याशिवाय ते कळत नाहीत.

आपला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणखी एक भेद करतो. वस्तूत असतो तो ‘डिफेक्ट’, सेवेत असते ती ‘डेफिशियन्सी’. टीव्हीत डिफेक्ट असतो. टीव्ही बसवायला माणूस तीन आठवडे आला नाही, ही डेफिशियन्सी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करताना दोन्ही गोष्टी घडल्या असतील तर दोन्ही शब्द वापरा आणि वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे अर्ज देता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहता येतं.

पायरी तिसरी : यंत्र असेल तर ते काय करतंय ते सांगा

यंत्राबद्दल विशेषणापेक्षा क्रियापद जास्त कामाचं. ‘डझ नॉट स्टार्ट’, म्हणजे सुरूच होत नाही. ‘स्टॉप्ड वर्किंग’, म्हणजे चालत होतं, बंद पडलं. ‘ओव्हरहीट्स’, म्हणजे तापतं. मधूनच चालतं, मधूनच बंद पडतं, अशा चिडचिड आणणाऱ्या बिघाडासाठी ‘इंटरमिटंट’ हा शब्द जरूर शिकून ठेवा. दुरुस्ती करणारा येतो तेव्हा यंत्र हमखास नीट चालतं आणि तो ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून निघून जातो. ‘द फॉल्ट इज इंटरमिटंट’ हे वाक्य तक्रारीत आधीच असलं तर त्याला थोडा वेळ थांबून पाहावं लागतं.

‘फॉल्टी’ म्हणजे नीट काम न करणारं. ब्रिटनमध्ये दुकानात वस्तू परत करताना लोक हाच शब्द वापरतात, अमेरिकेत ‘डिफेक्टिव्ह’ जास्त ऐकू येतो. ‘आउट ऑफ ऑर्डर’ ही पाटी लिफ्टवर, एटीएमवर, सार्वजनिक नळावर शोभते. घरच्या पंख्याला ‘नॉट वर्किंग’ पुरे. गाडी रस्त्यात बंद पडली तर ‘ब्रोक डाउन’. नवी वस्तू डब्यातून काढल्या काढल्याच मेलेली निघाली तर ‘डेड ऑन अरायव्हल’. हे शब्द ऐकले की बऱ्याच कंपन्या दुरुस्तीच्या रांगेत न लावता वस्तू थेट बदलून देण्याचा विचार करतात, म्हणून पहिल्याच दिवशी लिहा. आठवडाभर थांबलात तर ते लिहिता येत नाही.

पायरी चौथी : खाण्याची वस्तू असेल तर वास, चव आणि हाताला काय लागतं ते ओळखा

माझा सर्वांत आवडता भाग हा आहे, कारण इथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा श्रीमंत आहेत आणि दोघींच्या वाटण्या सारख्या नाहीत.

खवट म्हणजे ‘रॅन्सिड’. तेल, तूप, शेंगदाणे, सुकं खोबरं, अक्रोड, जिथे स्निग्धांश आहे तिथेच हा शब्द लागतो. हवेतल्या प्राणवायूनं त्या तेलाचं विघटन होतं आणि तो ओळखीचा वास येतो. भाताला रॅन्सिड म्हणता येत नाही, जसं आपण भाताला खवट म्हणत नाही.

नासलेल्या दुधाला ‘गॉन ऑफ’ किंवा ‘स्पॉइल्ड’, आणि तापवताना फुटलं तर ‘कर्डल्ड’. हा फरक महत्त्वाचा, कारण कर्डल्ड दुधाचं तुम्ही पनीर करता, गॉन ऑफ दूध मोरीत ओतता. आंबलेल्या वरणाला ‘सावर’ म्हणता येईल. ‘फर्मेंटेड’ म्हणू नका. इडलीचं पीठ फर्मेंटेड असतं आणि ते तसंच हवं असतं. बुरशी आली तर ‘मोल्डी’. कुजलं तर ‘रॉटन’. फळ दाबलं जाऊन काळं पडलं तर ‘ब्रूझ्ड’. हाच शब्द माणसाच्या अंगावरच्या काळ्यानिळ्या डागालाही लागतो, त्यामुळे लक्षात राहतो. धान्याला कीड लागली तर ‘इन्फेस्टेड’, आणि पोरकिडे नावानं सांगायचे तर ‘वीव्हिल्स’.

आता ‘शिळं’. शब्दकोशात शोधलंत तर ‘स्टेल’ मिळेल आणि इथे बहुतेक जण घसरतात. आपल्या घरात शिळी पोळी हा दोष नाही. कालची पोळी कुस्करून, फोडणी देऊन, वर कोथिंबीर घालून आपण ती सकाळी आनंदानं खातो. ‘स्टेल’ मात्र नापसंतीचा शब्द आहे : कडक झालेला पाव, वास गेलेली कॉफी. पाहुण्याला ‘धिस इज मेड फ्रॉम स्टेल रोटीज’ म्हणाल तर तो ताट बाजूला सारेल. कालच्या अन्नाला ‘लेफ्टओव्हर’ म्हणा. त्यात उरलेलं एवढंच येतं, बिघडलेलं येत नाही.

सादळलेल्या पापडाला मला आजवर एका शब्दाचा प्रतिशब्द मिळालेला नाही. ‘सॉगी’ लिहितात, पण सॉगी म्हणजे पाण्यात भिजून लगदा झालेलं. हवेतला दमटपणा धरून मऊ पडलेल्या चिवड्याला ‘इट हॅज गॉन सॉफ्ट’ म्हणा, किंवा ‘इट हॅज लॉस्ट इट्स क्रिस्पनेस’. कोकणातल्या पावसाळ्यानं आपल्याला दिलेला हा शब्द आहे, त्याला तिकडे वाक्य लागलं तर लागू दे.

शेतमाल बाहेर पाठवणाऱ्यांसाठी थोडं जास्त. लासलगावच्या बाजारात गोल्टी वेगळी, जोडकांदा वेगळा, फुलाचा दांडा आलेला डेंगळा वेगळा, कोंब आलेला वेगळा. इंग्रजीत अनुक्रमे ‘अंडरसाइज्ड’, ‘डबल्स’, ‘बोल्टेड’ आणि ‘स्प्राउटेड’. गोल्टी खराब नसते, आकारानं लहान असते, म्हणून तिला कधीही ‘बॅड ओनियन्स’ लिहू नका. तुमच्याच मालाचा भाव तुम्ही पाडाल. दोष दोन प्रकारचे असतात हेही ध्यानात ठेवा : मालात दिसणारा आणि फक्त तपासणीत कळणारा. २०१० साली नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली, त्यांचे मणी ना कुजले होते, ना फुटले होते. त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळला होता. अशा मालाला ‘रॉटन’ नाही, ‘नॉन-कम्प्लायंट’ म्हणतात, म्हणजे नियमात न बसणारा. आलेल्या पत्रात हा शब्द दिसला तर फळाकडे पाहू नका, प्रयोगशाळेचा अहवाल मागवा.

पायरी पाचवी : कपडा, सामान, घर

कपड्यात सर्वांत जास्त गोंधळ रंगाचा. ‘रंग गेला’ आणि ‘रंग जातो’ यांत मराठीत काळाचाच फरक दिसतो, इंग्रजीत क्रियापदच बदलतं. उन्हानं, वापरानं रंग फिका पडला तर ‘फेडेड’. धुताना रंग पाण्यात उतरून दुसऱ्या कपड्यांना लागला तर ‘द कलर ब्लीड्स’. साडीवाल्याला ‘फेडेड’ लिहिलंत तर तो म्हणेल, उन्हात वाळवली असेल.

कापड विरलं तर ‘थ्रेडबेअर’, अगदी शब्दशः धागे उघडे पडलेलं. कडेचे दोरे सुटले तर ‘फ्रेड’. फाटलं तर ‘टॉर्न’. शिवण उसवली तर ‘द सीम हॅज कम अपार्ट’, आणि हे लिहिलंत की दोष कापडाचा नसून शिवणाऱ्याचा आहे हे आपोआप कळतं. इचलकरंजीत कापडाचा धंदा करणाऱ्यांना ‘फ्रेश’ (निर्दोष) आणि ‘सेकंड’ (दोष असलेला) सांगायला नको. पण तपासणीचा अहवाल वाचायला नव्यानं बसलेल्यांनी चार गुणांची पद्धत समजून घ्यावी : दोषाची लांबी ३ इंचांपर्यंत असेल तर १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्यापुढे ४. इथे गुण जितके जास्त तितका माल वाईट. शाळेच्या सवयीनं उलटं वाचलं जातं.

लाकडी सामानात डुगडुगणारं ते ‘वॉबली’ आणि खिळखिळं ते ‘रिकेटी’. वॉबली टेबलाखाली कागदाची घडी घातली की भागतं. रिकेटी टेबलावर भरलेला हंडा ठेवायचा नाही. मुळातच पातळ, कमजोर, तकलादू बनवलेलं ते ‘फ्लिम्झी’. भांड्यांसाठी : पोचा आला तर ‘डेंटेड’, चरा पडला तर ‘स्क्रॅच्ड’, टवका उडाला तर ‘चिप्ड’, तडा गेला तर ‘क्रॅक्ड’.

घराच्या बाबतीत एक शब्दसमूह पाठच करा : ‘पुअर वर्कमनशिप’, म्हणजे कामातला हलगर्जीपणा. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यात, ज्याला आपण रेरा म्हणतो, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा किंवा सेवांचा दोष दाखवून दिला तर विकासकानं तो तीस दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. तिथे ‘वर्कमनशिप’ हा शब्द कायद्याच्या कलमातलाच आहे. म्हणून बिल्डरला पत्र लिहिताना ‘फ्लॅट इज इन बॅड कंडिशन’ नको. नळ ठिबकतो, ‘द टॅप ड्रिप्स’. भिंतीतून पाणी पाझरतं, ‘देअर इज सीपेज थ्रू द बेडरूम वॉल’. पोपडे निघतात, ‘द पेंट इज पीलिंग’. टाइल पोकळ वाजते, ‘द टाइल्स साउंड हॉलो’. प्रत्येक ओळीला खोलीचं नाव आणि तारीख द्या.

जुन्या इमारतीला ‘डिलॅपिडेटेड’ म्हणतात, म्हणजे मोडकळीला आलेली. मुंबईत हा शब्द सरकारी नोटिशीत आला तर ती लगेच आणि नीट वाचा. महापालिकेच्या वर्गवारीत ‘सी-वन’ म्हणजे राहण्याला धोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत. ‘सी-थ्री’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नावं सारखी वाटतात, अर्थ टोकाचे आहेत.

शिकायला ब्रिटनमध्ये गेलेल्या आपल्या मुलांनीही हे शब्द जवळ ठेवावेत. भाड्याची खोली घेताना तिथे सामानाची यादी देतात आणि त्यावर सही घेतात. गालिच्यावर डाग असेल तर ‘स्टेन्ड’, भिंतीवर घासल्याच्या खुणा असतील तर ‘स्कफ्ड’, बेसिनचा टवका उडाला असेल तर ‘चिप्ड’ असं त्याच दिवशी यादीत लिहून फोटो जोडा. जे लिहिलं नाही ते सोडताना तुमच्या अनामत रकमेतून कापायला घरमालकाला सोपं जातं. वापरानं झिजणारच अशा गोष्टींना मात्र ‘फेअर वेअर अँड टेअर’ म्हणतात आणि त्याचे पैसे कापता येत नाहीत. तिथे विकत घेतलेली वस्तू बिघडलेली निघाली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं पहिल्या तीस दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात.

पायरी सहावी : नकली की भेसळीचं?

‘डुप्लिकेट’ हा शब्द तक्रारीतून काढूनच टाका. आपण नकली मालाला सर्रास डुप्लिकेट म्हणतो. इंग्रजीत डुप्लिकेट म्हणजे हुबेहूब दुसरी प्रत : डुप्लिकेट किल्ली, डुप्लिकेट गुणपत्रिका. ‘यू हॅव सेंट मी अ डुप्लिकेट’ असं परदेशी विक्रेत्याला लिहिलंत तर तो समजेल की एकच वस्तू दोनदा आली आणि एक परत मागवेल. नकली ब्रँडसाठी ‘काउंटरफिट’ लिहा, बोलताना ‘फेक’ चालेल.

औषधांच्या बाबतीत १९४० च्या औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्यात तीन वेगळे शब्द आहेत. ‘मिसब्रँडेड’ म्हणजे वेष्टनावरची माहिती चुकीची, अपुरी किंवा दिशाभूल करणारी. ‘अडल्टरेटेड’ म्हणजे भेसळ झालेलं किंवा अस्वच्छ जागी बनलेलं. ‘स्प्युरिअस’ म्हणजे दुसऱ्याच्या नावानं विकलेलं नकली औषध. यापलीकडे ‘नॉट ऑफ स्टँडर्ड क्वालिटी’ अशी सरकारी याद्यांतली नोंद असते : कंपनी खरी, औषध खरं, पण तो ठरावीक बॅच चाचणीत उतरला नाही. बातमीत हे वाचून सगळं औषधच नकली समजू नका. बॅच नंबर जुळवून पाहा आणि औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

अन्नाच्या २००६ च्या कायद्यातही ‘सबस्टँडर्ड’ आणि ‘अनसेफ’ अलग आहेत. सबस्टँडर्ड म्हणजे ठरलेल्या मानकाला उतरलं नाही, पण खाऊन धोका नाही. अनसेफ म्हणजे आरोग्याला धोका. दुसऱ्या प्रकारासाठी तुरुंगवासाचीही तरतूद आहे. म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना पुरावा नसताना ‘अनसेफ’ लिहू नका. दिसलं ते लिहा, ठरवायचं काम तपासणी करणाऱ्यांचं.

पायरी सातवी : पाठवण्याआधी हे पाच शब्द तपासा

‘डिफेक्टेड पीस’ हे मी आठवड्यातून एकदा तरी वाचतो. ‘डिफेक्टेड’ म्हणजे पक्ष बदलून पलीकडे गेलेला. १९८५ ची पक्षांतरबंदी ज्या ‘अँटी-डिफेक्शन’ नावानं ओळखली जाते, तो हा शब्द. वस्तू ‘डिफेक्टिव्ह’ असते.

‘डॅमेजेस’ हे डॅमेजचं अनेकवचन नाही. ती न्यायालयानं द्यायची भरपाई असते. दहा ठिकाणी नुकसान झालं तरी ‘डॅमेज’च.

‘मोबाइल गॉट स्पॉइल्ड’ आपल्याकडे समजतं, बाहेर नाही. स्पॉइल होतं अन्न, किंवा लाडानं मूल.

‘लोकल’ला आपण हलका माल म्हणतो. इंग्रजीत लोकल भाजी म्हणजे जवळच्या शेतातली, ताजी, कौतुकाची. ब्रँड नसलेल्या मालाला ‘अनब्रँडेड’ म्हणा.

‘चीप’मध्ये स्वस्त आणि हलकं हे दोन्ही अर्थ आहेत. तुमच्या स्वतःच्या मालाबद्दल लिहिताना ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ किंवा ‘अफोर्डेबल’.

पायरी आठवी : रागाचे शब्द ओळखा, लिहू मात्र नका

‘शॉडी’ म्हणजे निकृष्ट, कसंतरी उरकलेलं. मुळात हे एका कापडाचं नाव. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या बॅटली गावी १८१३ च्या सुमाराला बेंजामिन लॉ यानं लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढला, तो शॉडी. पुढे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांना अशा कापडाचे गणवेश पुरवले गेले आणि ते अंगावरच फाटायला लागले. तिथून कापडाचं नाव शिवीसारखं वापरात आलं. चिंध्यांपासून धागा काढण्याचा तो उद्योग मात्र बदनाम होण्यासारखा नाही. आज आपलं पानिपत हे त्याचं मोठं केंद्र आहे, आणि जगभरातले टाकलेले लोकरी कपडे तिथे येऊन त्यांची स्वस्त ब्लँकेटं होतात. त्या धंद्यातल्या माणसानं ‘शॉडी यार्न’ लिहिलं तर तो मालाचं नाव सांगतोय हे लक्षात घ्या.

अमेरिकेत पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात. आपण नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतो, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना अर्थ उलटाच वाटतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात हाच शब्द घेतला : विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगली गाडी असलेला बाजारातून निघून जातो. या विषयावरच्या कामासाठी त्यांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल दोघांबरोबर विभागून मिळालं.

‘थर्ड क्लास’ आपल्याकडे रेल्वेच्या डब्यातून आला. आपल्या रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, बोलण्यातून गेला नाही. इंग्रजीत ‘थर्ड-रेट’ म्हणतात. ‘रबिश’, ‘जंक’, ‘पथेटिक’ हे शब्द वाचताना कळले पाहिजेत. तुमच्या तक्रारीत ते आले की वाचणारा बचावाला बसतो आणि त्याला खोडता येईल असं तुमचं मत मिळतं. ‘द हँडल केम ऑफ ऑन द सेकंड डे’ हे कोणाला खोडता येत नाही.

पायरी नववी : चार वाक्यांत लिहा

कधी मिळालं, काय घडलं, काय घडलेलं नाही, काय हवंय. घरच्या मिक्सरसाठी असं : ‘द मिक्सर वॉज डिलिव्हर्ड ऑन १२ जून. ऑन द थर्ड डे द मोटर रॅन, बट द ब्लेड्स डिड नॉट टर्न. देअर इज नो डेंट ऑर क्रॅक ऑन द बॉडी. प्लीज रिप्लेस द जार अंडर वॉरंटी.’ तिसरं वाक्य लोक विसरतात आणि तेच वाक्य ‘डॅमेज’ हा आरोप येण्याआधी अडवतं. चौथ्यात ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहू नका. दुरुस्ती हवी की बदली की पैसे परत, ते स्वच्छ सांगा.

आमच्या त्या मुलानं दुसऱ्यांदा मेल लिहिला तेव्हा मी शेजारी बसलो होतो, पण एकही शब्द सुचवला नाही. फक्त विचारलं, मला काय सांगितलं होतंस? त्यानं मोजून आणलं आणि लिहिलं : ‘ब्लोहोल्स वेअर फाउंड आफ्टर मशिनिंग इन १४ आउट ऑफ ५० पीसेस. बर्स वेअर नॉट रिमूव्ह्ड. फोटोज अटॅच्ड. प्लीज रिप्लेस १४ पीसेस.’ संध्याकाळी फाउंड्रीतून फोन आला, चौदा पीस परत पाठवा, बदली माल शनिवारच्या गाडीत चढवतो.